ग्रिलकाका

डोंबिवलीत बाल्कनीला ग्रिल बसवणं हा विचार करण्याचा विषय नाही. फ्लॅटचा ताबा मिळाला की माणूस बाल्कनीत उभा राहतो, वाकून खालच्या मजल्याचं ग्रिल बघतो, मान वर करून वरच्यांचं बघतो आणि फॅब्रिकेटरला सांगतो, "खालच्यांसारखंच करा, फक्त अर्धा फूट जास्त बाहेर काढा." मग भावावरून घासाघीस होते, रंगावरून नवराबायकोत एकदा वाजतं, आणि ग्रिल लागल्या लागल्या त्यात कुंड्या, मोडकं स्टूल आणि मुलाची लहान झालेली सायकल जाऊन बसते. खालच्यांनी कुणाचं बघून केलं होतं, हे कुणी विचारत नाही.

आमच्या विंगमधल्या चौथ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी ते विचारलं. तेव्हापासून ते ग्रिलकाका. त्यांचं खरं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते आता फक्त कुरिअरवाला वापरतो.

काका रेल्वेच्या वर्कशॉपात तपासणीला होते. दुसऱ्याने आणलेला माल मोजायचा आणि परत पाठवायचा, हे त्यांनी उभी नोकरी केलं. निवृत्त झाल्यावर माल येणं थांबलं, मोजणं थांबलं नाही. भेंडी घेताना ते प्रत्येक भेंडीचं शेपूट मोडून बघतात. "काका, आता ही मोडलेली कोण घेणार?" असं भाजीवाल्याने विचारलं, तेव्हा "नापास झालेली परत जाते" असं शांतपणे सांगून ते पुढच्या गाडीकडे गेले. चष्म्याच्या डबीत त्यांचा स्वतःचा व्हर्निअर असतो. चष्मा मग शर्टाच्या खिशात सुटाच राहतो आणि त्याच्या काचेवर चरे पडतात. ते चरे किती खोल, हेही त्यांनी एकदा मोजायचा प्रयत्न केला होता.

मुलगी पुण्याला असते. नातू चालायला लागला आणि उन्हाळ्यात आजोळी येणार असं ठरलं, तेव्हा काकूंनी म्हटलं, "बाल्कनीला ग्रिल करून घ्या." एवढं साधं वाक्य. ते दिवाळीनंतर उच्चारलं गेलं आणि त्यावर एक उन्हाळा, एक गणपती आणि आणखी एक दिवाळी गेली.

काकांनी अभ्यास रस्त्यावरून सुरू केला. डोंबिवलीत मान खाली घालून चालायचं असतं, कारण धोका खाली असतो. काका मान वर करून चालू लागले. प्रत्येक इमारतीसमोर थांबायचं, बाल्कनीकडे टक लावायची, वहीत काहीतरी लिहायचं. दोनदा पाय मुरगळला. एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर कपडे वाळत घालणाऱ्या बाईंनी नवऱ्याला हाक मारली. नवरा खाली आला, आणि काकांनी त्याला त्याच्या ग्रिलचे तीन जोड कुठे तडकलेत ते दाखवलं. तो आभार मानून वर गेला, पण त्या दिवसापासून काकू बरोबर जाऊ लागल्या. "मी शेजारी उभी असले की लोकांना वेडा वाटतो, दुसरं काही वाटत नाही," असं त्या म्हणतात.

वहीत पाच पानं होती: चोर, पोर, पाखरू, आग आणि गंज. काका ज्याला त्याला विचारायचे, "ग्रिल कशासाठी?" समोरचा म्हणायचा, "सेफ्टीसाठी." काकांचा पुढचा प्रश्न, "कुणापासून?" इथे भलेभले अडकायचे. कारण घरातून कुणी पडू नये म्हणून लावायचं ग्रिल वेगळं, घरात कुणी शिरू नये म्हणून लावायचं वेगळं, आणि घरातून वेळेला बाहेर पडता यावं म्हणून लावायचं तर फारच वेगळं. फॅब्रिकेटर तिन्हींसाठी एकच देतो आणि भाव स्क्वेअर फुटाने सांगतो. मला वाटतं, इथवर काकांचं अगदी बरोबर होतं. पुढे ते काका असल्यामुळे गोष्ट वाढत गेली.

पोराचं पान आधी उघडलं गेलं. आडव्या पट्ट्या नकोत, हे काकांनी पहिल्याच दिवशी ठरवलं. आडवी पट्टी म्हणजे दोन वर्षांच्या मुलाला आयती शिडी. उभे गज हवेत. पण दोन गजांत अंतर किती? अमेरिकेतल्या बांधकामाच्या नियमांत कठड्याला एक सोपी कसोटी आहे: चार इंच व्यासाचा गोळा गजांमधून पार जाता कामा नये. मुलाचं अंग एकदा गेलं आणि डोकं अडकलं तर काय होतं, ते इथे लिहीत नाही. काकांनी ते मला जेवताना सांगितलं होतं. कसोटी काकांना पटली. चार इंची गोळा मात्र मिळेना. टेनिसचा चेंडू अडीच इंचाच्या थोडा वर, क्रिकेटचा तीनच्या आत, मोसंबी बेभरवशाची. शेवटी ते नारळवाल्याकडे गेले. सोललेले नारळ एकेक करून व्हर्निअरमध्ये धरले आणि कमरेला बरोबर चार इंच भरणारा एक निवडून आणला. नारळवाल्याने विचारलं, "पूजेला?" काका म्हणाले, "तपासणीला."

तो नारळ पिशवीत घालून त्यांनी आमच्या विंगमधली सगळी ग्रिलं तपासली. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी दार उघडलं तर काका हातात नारळ घेऊन उभे. त्यांनी पदर सावरून काकांना पाटावर बसवलं, नारळाला हळदकुंकू लावलं आणि ओटी कुणाची भरायची ते विचारलं. काकांनी नारळ पुसला, पुन्हा मोजला, आणि त्यांच्या बाल्कनीकडे वळले. वहिनींचं ग्रिल जुन्या पद्धतीचं, उगवत्या सूर्याच्या नक्षीचं. मुंबई-ठाण्याकडच्या सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या घरांत हे सूर्य भरपूर उगवलेले दिसतात. सूर्याजवळ दोन किरणांत बोटही जात नाही, आणि कडेला पोचेपर्यंत तेच किरण एवढे फाकतात की काकांचा नारळ सहज पार गेला आणि खाली तळमजल्याच्या पत्र्यावर पडला. वहिनींना वाटलं, नवस फिटला. काकांनी वहीत लिहिलं, "सूर्य नापास." दुसऱ्या दिवशी दुसरा नारळ आणताना नारळवाल्याने स्वतःच विचारलं, "चार इंची ना?"

पाखरांचं पान यामुळे बिघडलं. चार इंचाच्या गजांतून नारळ जात नाही, कबूतर जातं. पंख मिटून ते आत येतं, आणि एकदा एसीच्या बाहेरच्या पेटीमागे जागा धरली की जोडीदारीण घेऊन येतं. त्याच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसाला वाईट, हे काकांना डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे गजांच्या मागे नायलॉनची जाळी आली. जाळी उन्हाने विरते, म्हणजे काही वर्षांनी बदलणं आलं. बदलायची तर आतून काढता यायला हवी. काकूंनी या सगळ्यात एकच शंका काढली: जाळीतून पापडांवर ऊन कसं पडणार? काकांनी पाखरांच्या पानात "पापड" असा पोटविभाग केला.

चोराच्या पानावरून आमच्या सोसायटीत पहिली ठिणगी पडली. चौथ्या मजल्यावर चोर कसा येणार, असं कुणीही म्हणेल. काका म्हणायचे, "ड्रेनेजच्या पाइपवरून येणारा चोर जुना झाला. आता तो ग्रिलांवरून येतो." आणि ते खरंच आहे. बाहेर काढलेलं पेटीसारखं ग्रिल खालच्या मजल्यावर असलं की वरच्या मजल्यावर चढायला पाय ठेवण्याची पक्की सोय होते. काकांच्या खाली तिसऱ्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी राहतात, आणि त्यांचं ग्रिल सगळ्या इमारतीत सर्वांत जास्त बाहेर आहे. काकांनी त्यांना पत्र दिलं: "आपले ग्रिल ही माझ्या चोराची शिडी आहे. तरी ते आत घेण्याची व्यवस्था व्हावी." सेक्रेटरींनी उत्तर पाठवलं नाही, पण त्या रात्रीपासून ग्रिलमधल्या कुंड्यांची जागा निवडुंगांनी घेतली. चोराची सोय बंद व्हावी म्हणून, असं त्यांचं म्हणणं. माझ्या मते ते काकांच्या डोळ्यांसमोर यावेत म्हणून ठेवले होते.

मग फॅब्रिकेटर येऊ लागले. पहिला स्टेशनकडचा, हातात टेप आणि कानाला मोबाइल.

"बार कितीचा लावता?" काकांनी विचारलं.

"बारा का. चौरस."

काकांनी चष्म्याची डबी उघडली. नमुन्याचा तुकडा व्हर्निअरमध्ये धरला. "साडेदस है."

"अंकल, कलर लगने के बाद बारा हो जाएगा."

काका काही क्षण गप्प राहिले. रेल्वेत इतकी वर्षं काढून त्यांना असं उत्तर कुणी दिलं नव्हतं. मग त्यांनी वही घेतली. बारा मिलिमीटरचा चौकोनी बार मीटरला १.१३ किलो भरतो. साडेदहाचा भरतो ०.८६५. मीटरमागे २६५ ग्रॅम कमी. काकांच्या बाल्कनीला धरून चालून ५० मीटर बार लागणार. "म्हणजे सव्वातेरा किलो कलर लगाओगे?" असं त्यांनी विचारलं. फॅब्रिकेटर म्हणाला, दोन हात मारू. रेड ऑक्साइडचा आणि वरून ऑइल पेंटचा. काकांनी त्याला चहा पाजला आणि नापास केलं.

दुसरा स्टेनलेस स्टीलवाला. त्याने खिशातून लोहचुंबक काढला आणि पाइपला लावला. चुंबक घसरून खाली पडला. "देखा? चिपकता नहीं. असली ३०४."

असली ३०४ ची ही परीक्षा महाराष्ट्रातल्या अनेक घरांत विश्वासाने बघितली जाते, म्हणून काकांनी त्याला दिलेलं उत्तर इथे सविस्तर सांगतो. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमिअम आणि ८ टक्के निकेल असतं. निकेल महाग. ते कमी करून मँगनीज वाढवलं की २०२ तयार होतं, जे स्वस्त पडतं. चुंबक दोघांनाही चिकटत नाही. तेव्हा चुंबक पडला म्हणून ३०४ सिद्ध होत नाही. फार तर ते ४३० नाही एवढं कळतं. उलट अस्सल ३०४ गार असताना वाकवलं की वाकवलेल्या जागी ते चुंबकाला थोडं धरतं. म्हणजे या परीक्षेत नकली पास होतं आणि असलीच्या कोपरावर संशय येतो. ओळखायचं तर एक द्रव मिळतो. त्याचा थेंब टाकून वर छोटी बॅटरी टेकवली की मँगनीज जास्त असलेला पत्रा लालसर रंग दाखवतो. किंवा दोन पावसाळे थांबायचं. २०२ वर चहाच्या डागांसारखे तांबूस ठिपके येतात.

डोंबिवलीत दोन पावसाळेही लागत नाहीत. ज्या गावात जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, तिथे लोखंडाने कुठला रंग धरायचा हे लोखंडाच्या हातात नसतं. त्यामुळे काकांची उडी ३१६ वर गेली. त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या हवेत ते टिकतं. समुद्रकाठच्या बंगल्यांना वापरतात.

"इथे समुद्र कुठे आहे?" काकूंनी विचारलं.

"खाडी आहे."

"खाडी मोठागावला. ते पश्चिमेला. आपण पूर्वेला राहतो."

"वारा पश्चिमेकडूनच येतो."

यावर काकूंकडे उत्तर नव्हतं, पण ३१६ चा भाव ऐकल्यावर काकांकडेही राहिलं नाही. परीक्षेच्या त्या द्रवाची बाटली मात्र त्यांनी मागवली. घरातले सगळे डबे, पातेली आणि रुखवतात आलेला डिनर सेट तपासून झाला. डिनर सेट लाल निघाला. काकूंच्या माहेरचा होता. त्या आठवड्यात ग्रिलचा विषय घरात निघाला नाही.

पुढचा आला तो टाय लावून आला. दिसत नाही असं ग्रिल विकणारा. या ग्रिलमध्ये गजांऐवजी दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या स्टीलच्या तारा असतात, वर नायलॉनचं आवरण, आणि वरखाली अॅल्युमिनिअमच्या पट्टीत त्या ताणून बसवतात. बाहेरचं बघायला काही अडथळा नाही. नमुन्याची चौकट त्याने टेबलावर ठेवली. काकूंनी एक तार छेडून बघितली आणि म्हणाल्या, "षड्ज छान लागलाय, पुढची उतरली आहे." काकांनी लगेच वहीत लिहिलं, "ताण असमान." मग मुलाखत सुरू झाली.

"चोराकडे कटर असेल तर?"

"सर, तोच तर फायदा आहे. आग लागली तर तुम्ही कटरने तार कापून बाहेर पडू शकता."

"म्हणजे कटर माझ्याकडे असला तर फायदा आणि चोराकडे असला तर तोटा."

"हो सर. असं म्हणता येईल."

"कटर तुम्ही देता?"

"नाही सर."

"मग चोराला कोण देतं?"

मुलगा टाय सैल करून पाणी प्यायला. जाताना त्याने काकांना सांगितलं की आजवर कुठल्याही ग्राहकाने त्याला हा प्रश्न विचारला नव्हता. काकांनी ते प्रशस्तिपत्रक समजून वहीत टिपून ठेवलं.

सप्टेंबरात वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. ती तीस तारखेच्या आत घ्यावी लागते, म्हणून आमची दर वर्षी शेवटच्या रविवारी असते आणि सगळ्यांना वडे असतात. बाहेरून दिसणारा कुठलाही बदल करायचा तर कमिटीची परवानगी लागते, असं उपविधी सांगतात. काकांनी या निमित्ताने अकरा पानी टिपण सगळ्यांच्या दाराखालून सरकवलं होतं. त्यात बारची जाडी, गजांतलं अंतर, उघडणारं दार, भिंतीत किती खोल बोल्ट जावा, आणि परिशिष्ट म्हणून नारळाचा फोटो. सेक्रेटरींनी विषय सगळ्यात शेवटी, आयत्या वेळच्या विषयांत घेतला. तोवर वडे संपले होते. चर्चा झाली, ती रंगावर. एक गट पांढऱ्याचा, एक चॉकलेटी रंगाचा. चॉकलेटीवर धूळ दिसत नाही, पांढऱ्यावर गंज दिसतो. काका उठून म्हणाले, "गंज दिसलाच पाहिजे. दिसला तर घासता येतो." या एका वाक्याने पांढरा रंग बहुमताने मंजूर झाला. बाकी दहा पानं आणि नारळ इतिवृत्तात आले नाहीत.

आता आगीचं पान. ते मी शेवटी ठेवलं, कारण काकांच्या वहीतही ते सगळ्यात जाड होतं. बाकीची चारही पानं ग्रिल बंद मागतात. चोर, पोर, पाखरू यांना बंद हवं, गंजालाही जोड कमी असलेलं, अखंड वेल्ड केलेलं बरं. एकटी आग म्हणते, उघडं ठेवा. आगीत माणसं भाजून जातात त्याहून जास्त धुराने गुदमरून जातात. दाराबाहेरचा जिना धुराने भरला तर राहते बाल्कनी. तिथे चारी बाजूंनी वेल्ड केलेली पेटी असली तर अग्निशमन दलाची शिडी तुमच्यापर्यंत आली तरी तुम्ही शिडीपर्यंत येत नाही. ते लोक आधी गज कापत बसतात. म्हणून ग्रिलला आतून उघडणारं दार ठेवा, असं ते पुन्हा पुन्हा सांगतात आणि आपण पुन्हा पुन्हा त्या दारापुढे कपाट लावतो.

काकांनी दार किती मोठं हवं ते ठरवण्यासाठी टीव्हीच्या खोक्याला भोक पाडलं. काकूंनी त्यातून जायला नकार दिला. काका स्वतः शिरले आणि दीड फुटाच्या भोकात पोटाशी अडकले. काकूंनी खोका कात्रीने कापून त्यांना सोडवलं. मग भोक दोन फूट बाय अडीच फूट ठरलं. कुलूप कुठे हवं? आतून धुरात चाचपडत हाताला लागेल असं, पण बाहेरून गजांतून हात घातला तर पोचणार नाही असं. यासाठी शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या लांब हातांच्या मुलाला जिन्यातल्या खिडकीबाहेर हात घालायला लावून मापं घेतली.

आणि मग एका पहाटे त्यांनी घराचा मेन स्विच बंद केला आणि ओरडले, "धूर! धूर!" काका घड्याळ घेऊन बाल्कनीत उभे. काकू येईनात. एक मिनिट गेलं, दोन गेली. शेवटी काका आत गेले तर काकू स्वयंपाकघरात अंधारात रेग्युलेटर बंद करून उभ्या.

"बाल्कनीत का नाही आलीस?"

"आधी गॅस बंद केला. मग तुम्हाला उठवायला गेले तर तुम्ही पलंगावर नाही."

काकांच्या अकरा पानांत गॅसचा उल्लेख नव्हता. त्यांनी मुकाट्याने बारावं पान जोडलं. मग विचारलं, "आणि ग्रिलच्या दाराची किल्ली कुठे ठेवायची म्हणतेस?" काकू म्हणाल्या, "कपाटात. लॉकरमध्ये. एफडीच्या पावत्यांखाली. सुरक्षित राहील." हा मात्र विनोद नव्हे. आमच्या विंगमध्ये ज्यांच्या ज्यांच्या ग्रिलला दार आहे त्यांच्याकडे काकांनी किल्ली मागितली. कुणी देवघराच्या खणात शोधली, कुणी जुन्या पर्समध्ये, एकाने सरळ सांगितलं की ती मुलाबरोबर बंगळूरला गेली. सेक्रेटरींच्या ग्रिलला दार होतं, कुलूपही होतं, आणि किल्ली मिळाल्यावर कळलं की कुलूप रंगवताना रंगाने बंद झालंय.

नातू एव्हाना एकदा येऊन गेला होता. त्या महिन्यात बाल्कनीचं दार बंद ठेवून त्यावर वरच्या टोकाला कडी बसवली होती, जी काकूंना स्टुलावर चढल्याशिवाय निघत नव्हती. दुसऱ्या दिवाळीनंतर काकूंनी काकांना न विचारता स्टेशनकडच्या त्याच पहिल्या फॅब्रिकेटरला बोलावलं. तो म्हणाला, "अंकल को बोलो, असली बारा लाऊंगा." आणि त्याने आणलाही. काकांनी प्रत्येक बार मोजला. बहुतेक बारा भरले, दोन साडेअकरा. ते दोन त्यांनी मधे लावू दिले नाहीत, कडेला लावू दिले. साध्या लोखंडाचं ग्रिल झालं, घासून दोन हात प्राइमर, वर पांढरा रंग. चौकट भिंतीत पुरली नाही, अँकर बोल्टने आवळली. बाहेर एक इंचही नाही. किल्ली दाराशेजारी खिळ्यावर, लाल दोरीत, चोराच्या हाताला न पोचणारी. जाळी मागे, आतून निघणारी. पापडांसाठी एक चौकोन मोकळा. फॅब्रिकेटरला काका इतके आवडले की पुढे तो अवघड गिऱ्हाइकांकडे जाताना काकांकडून "पास" असं लिहून नेऊ लागला.

गेल्या वर्षी सोसायटीने बाहेरून गळती काढून रंग द्यायचा ठरवला. परांची बांधली, आणि ठेकेदाराने सांगितलं की सगळी ग्रिलं काढल्याशिवाय भिंतीला हात लावणार नाही. मग कळलं, वेल्ड करून भिंतीत पुरलेली ग्रिलं काढणं म्हणजे काय. कापायच्या यंत्राचा आवाज दिवसभर, भिंतीचे तुकडे निघाले, निवडुंगांसकट सेक्रेटरींची पेटी उतरवायला चार माणसं लागली आणि ती पुन्हा बसणार नाही असं ठरलं, कारण खालच्या पट्ट्या गंजून हातात आल्या. काकांचं ग्रिल एका पान्याने अर्ध्या तासात निघालं. बोल्ट मोजून एका डब्यात ठेवले. त्या दिवशी बिल्डिंगमधली माणसं काकांकडे वेगळ्या नजरेने बघत होती, आणि दोघांनी तर अकरा पानी टिपणाची प्रत मागितली. त्यांना बारा पानी मिळाली.

रंगकाम संपलं. बाकीच्यांची नवी ग्रिलं लागली, त्यांत काही बोल्टवाली, काही दाराची. काकांचं अजून लागलेलं नाही. ते त्यांच्या हॉलमध्ये भिंतीला टेकून आहे. लावायच्या आधी काकांच्या लक्षात आलं की मधल्या काळात नातू मोठा झालाय, म्हणजे डोक्याचं माप बदललं. शिवाय पावडर कोटिंग करून घ्यावं का, असा नवा मुद्दा आहे. काकू पुन्हा स्टुलावर चढून कडी काढतात.

तुमच्या घरी ग्रिलला दार असेल तर येत्या रविवारी कुलूप उघडून बघा, त्यात दोन थेंब तेल घाला आणि किल्ली घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. दार नसेल तर फॅब्रिकेटरला बोलावून करून घ्या. आमच्या काकांना मात्र बोलावू नका. ते येतील, तुमचं आहे ते ग्रिल अगदी व्यवस्थित काढून देतील, आणि नवं कधी लागेल ते कुणालाच सांगता येणार नाही.